ध्रुवीय प्रकाश : तक्त्यावरचा आणि आकाशातला

भिवंडी तालुक्यातील दापोडे हे आमचे गाव. गावाभोवती आता गोदामांच्या रांगा उभ्या आहेत आणि त्यांच्या आवारात रात्रभर जळणाऱ्या दिव्यांमुळे येथून साधी आकाशगंगाही दिसत नाही. अशा ठिकाणी बसून ध्रुवीय प्रकाशावर लिहिणे कोणाला विनोदी वाटेल. पण या लेखाला कारण झाली ती एका वर्गाच्या भिंतीवरील तक्त्यापुढे उभी राहिलेली नववीतील एक मुलगी.

तक्ता बाजारात मिळतो त्यांपैकीच एक. मध्यभागी पृथ्वीचे चित्र, तिच्या पोटात एक पट्टीचुंबक, सूर्याकडून येणारे पिवळे बाण आणि ते बाण वळून थेट उत्तर व दक्षिण ध्रुवांवर उतरलेले. खालच्या कोपऱ्यात उपग्रहातून घेतलेले एक लहान छायाचित्र. मुलीने विचारले, "सर, कण ध्रुवाकडे ओढले जातात तर सगळ्यांत जास्त उजेड ध्रुवावर पडायला हवा. मग या फोटोत मधे काळोख आणि भोवती गोल कडे का दिसते?" आमच्यापैकी एकाने तिला उत्तर दिले, "हे परीक्षेला विचारत नाहीत." आम्ही काही शिक्षक महिन्यातून एकदा एकत्र बसून विज्ञानाचा एखादा पाठ तपासून पाहतो. त्या बैठकीत हा प्रसंग सांगितला गेला तेव्हा सांगणाऱ्यासह आम्ही सगळेच खजील झालो. मुलीने तक्ता नीट वाचला होता, तो आम्ही वाचला नव्हता. म्हणून त्या तक्त्याची ही तपासणी.

तक्त्यावरचा मजकूर तीन वाक्यांचा आहे. त्याचा आशय असा : सूर्याकडून विद्युतभारित कण पृथ्वीकडे येतात. पृथ्वी हा मोठा चुंबक असल्यामुळे ते ध्रुवांकडे ओढले जातात. तेथे हवेतील वायूंवर आदळून ते रंगीत प्रकाश निर्माण करतात. हाच आशय थोड्याफार फरकाने मार्गदर्शक पुस्तकांत, सामान्यज्ञानाच्या पुस्तिकांत आणि वर्तमानपत्रांच्या चौकटींत आढळतो. आमच्या मते यातील तिसरे वाक्य बरोबर आहे, पहिले अर्धे बरोबर आहे आणि दुसरे साफ चुकीचे आहे.

जमेची बाजू

तिसऱ्या वाक्यापासून सुरुवात करू. वरून वेगाने येणारे इलेक्ट्रॉन हवेतील अणू-रेणूंवर आदळतात, ते अणू-रेणू उत्तेजित होतात आणि मिळालेली ऊर्जा प्रकाशरूपाने बाहेर टाकतात. सुमारे १०० ते १५० किलोमीटर उंचीवर दिसणारा हिरवा रंग ऑक्सिजनच्या अणूंचा असतो. खालच्या काठावर कधी दिसणारी गुलाबी-जांभळी किनार नायट्रोजनची असते.

मात्र "रंग वायूवर अवलंबून असतो" असे तक्ता सांगतो ते पुरेसे नाही. २०० किलोमीटरच्या वर दिसणारा तांबडा रंगही ऑक्सिजनचाच आहे. हिरवा प्रकाश देणारा उत्तेजित अणू सरासरी पाऊण सेकंदात प्रकाश टाकून मोकळा होतो. तांबडा प्रकाश देणाऱ्याला सुमारे ११० सेकंद लागतात. खालच्या दाट हवेत एवढ्या अवधीत त्या अणूची दुसऱ्या कणांशी टक्कर होते आणि ऊर्जा प्रकाश न होताच निघून जाते. विरळ हवेत त्याला तेवढी सवड मिळते. म्हणून तांबडा रंग वर आणि हिरवा खाली. हे नववी-दहावीच्या मुलांना सहज समजते.

ध्रुव कणांना ओढत नाही

दुसरे वाक्य मुलांच्या गळी सहज उतरते, कारण चुंबकाने टाचण्या ओढलेल्या त्यांनी पाहिलेल्या असतात. पण इलेक्ट्रॉन म्हणजे टाचणी नव्हे. दहावीला आपणच फ्लेमिंगचा डाव्या हाताचा नियम शिकवतो. चुंबकीय क्षेत्रात फिरणाऱ्या विद्युतभारावरील बल त्याच्या गतीला काटकोनात असते, असे तो नियम सांगतो. असे बल कणाला वळवते, पण त्याचा वेग वाढवीत नाही आणि त्याला ध्रुवाकडे खेचूनही नेत नाही. कण बलरेषेभोवती गिरक्या घेत मळसूत्रासारखा पुढे सरकतो.

ध्रुवाजवळ तर याच्या उलटच घडते. तेथे बलरेषा एकवटतात, म्हणजे क्षेत्र तीव्र होते. कण तिकडे जाऊ लागला की त्याच्या गिरक्या आवळत जातात, पुढे सरकण्याची गती मंदावते आणि बहुतेक कण हवेपर्यंत पोहोचण्यापूर्वीच माघारी फिरतात. भिवंडीच्या मुलांना यंत्रमागावरचा धोटा माहीत असतो. एका टोकाला ठोका बसला की तो दुसऱ्या टोकाकडे धावतो, तेथून पुन्हा परत. पृथ्वीभोवती अडकलेले कण असेच उत्तर आणि दक्षिण टोकांमध्ये ये-जा करीत राहतात. अर्थात धोट्याला बाहेरून ठोका द्यावा लागतो. येथे बलरेषांची रचनाच त्यांना परतवते, हा फरक मुलांना सांगितला पाहिजे. जवळजवळ बलरेषेच्याच दिशेने येणारे थोडे कण तेवढे खाली निसटतात आणि प्रकाश पाडतात. थोडक्यात, ध्रुव कणांना ओढतो असे म्हणण्यापेक्षा तो त्यांना परतवतो असे म्हणणे सत्याला अधिक धरून होईल.

कड्याचा अर्थ

आता त्या मुलीचा प्रश्न. कोपऱ्यातले छायाचित्र खरे आहे आणि मधले चित्र खोटे आहे. ध्रुवीय प्रकाश भूचुंबकीय ध्रुवावर केंद्रित नसतो. तो ध्रुवाभोवती लंबवर्तुळासारख्या कड्यात असतो. हे कडे सामान्यतः ६५ ते ७५ चुंबकीय अक्षांशांच्या आसपास असते. रात्रीच्या बाजूला ते विषुववृत्ताकडे अधिक झुकलेले व रुंद, दिवसाच्या बाजूला ध्रुवाकडे सरकलेले व अरुंद. १९५७-५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्षात आर्क्टिक व अंटार्क्टिक प्रदेशांत एकाच वेळी संपूर्ण आकाशाची छायाचित्रे घेणारे कॅमेरे बसवले गेले. त्यांच्या नोंदी जुळवल्यानंतर हा आकार स्पष्ट झाला, आणि १९८० च्या दशकात उपग्रहांनी अख्खे कडे एका चित्रात दाखवले.

कडे का, हे समजण्यासाठी तक्त्यातला पट्टीचुंबक बाजूला ठेवावा लागतो. वर्गात कागदावर लोहकीस टाकून आपण जी सुबक, दोन्ही बाजूंना सारखी आकृती दाखवतो ती पृथ्वीच्या अगदी जवळ ठीक आहे. दूरवर सौरवात, म्हणजे सूर्याकडून सेकंदाला साधारण ४०० किलोमीटर वेगाने सतत वाहणारा विद्युतभारित कणांचा प्रवाह, या क्षेत्राला वेगळा आकार देतो. सूर्याकडील बाजूस ते दाबले जाऊन पृथ्वीच्या सुमारे १० त्रिज्यांवर, म्हणजे ६५,००० किलोमीटरच्या आसपास संपते. विरुद्ध बाजूला त्याची लांब शेपटी निघते, ती चंद्राच्या कक्षेपलीकडे जाते. या सगळ्या प्रदेशाला चुंबकांबर म्हणतात.

कड्याच्या आतून, म्हणजे ध्रुवालगतच्या भागातून निघणाऱ्या बलरेषा अवकाशात दूर जाऊन सौरवाताच्या क्षेत्राला जोडलेल्या असतात. कड्यावरून निघणाऱ्या बहुतेक बलरेषा शेपटीच्या मध्यावर असलेल्या तापलेल्या कणांच्या थरात शिरतात. म्हणून कडे उजळते आणि मधला भाग बहुधा काळोखा राहतो. हे कडे म्हणजे जणू शेपटीतील त्या थराची पृथ्वीच्या हवेवर पडलेली छापच आहे. मुलीने बोट ठेवले होते ते नेमके या जागी.

ऊर्जेचा हिशेब

पहिल्या वाक्याला आम्ही अर्धे बरोबर म्हटले. कण सूर्याकडून येतात आणि सगळ्या घडामोडीची मूळ ऊर्जा सौरवाताचीच आहे, यात शंका नाही. पण वाचणाऱ्याची समजूत अशी होते की सूर्याहून निघालेला कण तसाच येऊन हवेवर आदळला. येथे आकडे पाहावेत. सौरवातातील इलेक्ट्रॉनची ऊर्जा साधारण १० इलेक्ट्रॉन व्होल्ट असते. ध्रुवीय प्रकाशाचे झळाळते पट्टे निर्माण करणाऱ्या इलेक्ट्रॉनची ऊर्जा १,००० ते १०,००० इलेक्ट्रॉन व्होल्ट असते. ही शंभर ते हजारपट वाढ कोठे झाली? ती चुंबकांबरातच झाली पाहिजे. तक्त्याने नेमका हाच टप्पा गाळला आहे.

तो टप्पा असा. सौरवाताबरोबर सूर्याचे चुंबकीय क्षेत्रही वाहत येते. त्याची दिशा दक्षिणेकडे असेल, म्हणजे सूर्याकडील बाजूच्या पृथ्वीच्या क्षेत्राच्या उलट असेल, तर दोन्हीकडील बलरेषा तुटून एकमेकींना जोडल्या जातात. जोडलेल्या बलरेषा सौरवाताबरोबर ध्रुवांवरून मागे ओढल्या जातात आणि शेपटीत साचत जातात. शेपटी ताणलेल्या गलोलीच्या रबरासारखी होते. ताण पुरेसा वाढला की शेपटीच्या मध्यावर पुन्हा तोडजोड होते, बलरेषा झटक्याने पृथ्वीकडे आखडतात आणि कण तापून वेगाने आत फेकले जातात. ही कल्पना जेम्स डंगी या इंग्रज शास्त्रज्ञाने १९६१ साली मांडली. यात रबराची उपमा सोयीची आहे, पण बलरेषा हे खरेखुरे धागे नव्हेत, क्षेत्राची दिशा दाखवणाऱ्या त्या काल्पनिक रेषा आहेत, एवढी सूचना सोबत द्यावी.

प्रखर पट्ट्यांच्या बाबतीत आणखी एक धक्का शेवटी बसतो. पृथ्वीपासून काही हजार किलोमीटर उंचीवर बलरेषेच्या दिशेने विद्युत विभवांतर निर्माण होते आणि त्यातून खाली येताना इलेक्ट्रॉनचा वेग वाढतो. काही प्रकाश बलरेषांवरून धावणाऱ्या तरंगांनी ढकललेल्या इलेक्ट्रॉनमुळेही पडतो. सूर्याकडील कण जवळजवळ थेट उतरण्याचा प्रकारही आहे, पण तो दिवसाच्या बाजूला एका लहान भागात घडतो आणि तेथील प्रकाश मंद व बहुतेक तांबडा असतो. म्हणजे तक्ता अपवादाचे वर्णन नियम म्हणून करतो.

तक्त्यात वेळ नाही

तक्त्याचा आणखी एक दोष सहज लक्षात येत नाही. त्यातला ध्रुवीय प्रकाश नुसता असतो, घडत नाही. प्रत्यक्षात त्याला क्रम आहे. अलास्कात काम करणाऱ्या सुन-इची आकासोफू यांनी १९६४ साली तो क्रम मांडला. आधी पूर्व-पश्चिम पसरलेले शांत पट्टे असतात. हे पट्टे शेकडो किलोमीटर लांब, पण जाडीला अनेकदा एखादाच किलोमीटर. मग मध्यरात्रीच्या सुमारास त्यांतील सर्वांत विषुववृत्ताकडचा पट्टा एकाएकी उजळतो. काही मिनिटांत तो घड्या पडून, फुगून ध्रुवाकडे पसरतो आणि एक लोट पश्चिमेकडे धावतो. तासा-दोन तासांत सगळे निवळते. या घटनेला उपवादळ म्हणतात.

या क्रमाशेजारी शेपटीतील घडामोड ठेवली म्हणजे दोन्हींचे नाते दिसते. शांत पट्टे हळूहळू विषुववृत्ताकडे सरकतात तेव्हा शेपटीत ऊर्जा साचत असते. पट्टा एकाएकी उजळतो तेव्हा ती मोकळी होत असते. लोट धावतो तेव्हा शेपटीतील विद्युतप्रवाहाचा काही भाग बलरेषांवरून खाली उतरून आयनांबरातून वाहत असतो. पहाटेच्या बाजूला काही सेकंदांच्या अंतराने लुकलुकणारे ठिपके दिसतात, त्यांचे कारण आणखी निराळे आहे. विषुववृत्ताच्या प्रतलात, दूरवर उठणारे विद्युतचुंबकीय तरंग ठेक्याठेक्याने इलेक्ट्रॉनना त्यांच्या वाटेवरून हलवतात आणि ते खाली सांडतात. जपानच्या आरासे या उपग्रहाने हे तरंग आणि सांडणारे इलेक्ट्रॉन एकाच वेळी टिपले. ते निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले.

उपवादळाची ठिणगी आधी कोठे पडते, यावर शास्त्रज्ञांत दीर्घकाळ वाद होता. २००७ साली अमेरिकेने 'थेमिस' योजनेत एकदम पाच उपग्रह सोडले. २६ फेब्रुवारी २००८ च्या उपवादळात त्यांना असे आढळले की सुमारे २० पृथ्वी-त्रिज्या अंतरावर तोडजोड आधी झाली आणि साधारण दीड मिनिटाने प्रकाश उजळला. यामुळे डंगी यांच्या चित्राला बळ मिळाले, पण प्रत्येक उपवादळ याच क्रमाने जाते का, यावरील चर्चा थांबलेली नाही. असे चालू वाद तक्त्यावर यायला हवेत असे आम्हाला वाटते. विज्ञानाचे पान कोरडे पडते ते त्यातला वाद पुसून टाकल्यामुळे.

पूर्वी हा विषय समजावताना चित्रनलिकेच्या दूरदर्शन संचाचे उदाहरण देत. पडद्यावर चित्र हलते म्हणून कोणी पडद्याच्या काचेत त्याचे कारण शोधत नाही. मागे इलेक्ट्रॉनचा झोत इकडून तिकडे फिरवला जात असतो. आपली हवा म्हणजे तो पडदा, चुंबकांबर म्हणजे मागची यंत्रणा. ते संच आता भंगारात गेले, पण उदाहरण अजून उपयोगी आहे.

हा विषय आपला नाही काय?

बैठकीत एका मित्राने विचारले, "आपल्याकडे हे दिसतच नाही, मग इतकी उठाठेव कशाला?" या प्रश्नाचे उत्तर दापोड्यापासून सरळ रेषेत सुमारे ४५ किलोमीटरवर, कुलाब्याला आहे.

मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४० च्या दशकापासून पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची नियमित नोंद होत होती. १८५९ च्या सप्टेंबरच्या पहिल्या दोन दिवसांत इतिहासातील एक प्रचंड चुंबकीय वादळ झाले. १ सप्टेंबरला इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन यांनी सूर्यावर झगझगीत उद्रेक पाहिला आणि १७-१८ तासांतच वादळ पृथ्वीवर येऊन थडकले. युरोपातील अनेक उपकरणांच्या नोंदी मोजपट्टीच्या बाहेर गेल्या. कुलाब्याला मात्र माणसे डोळ्यांनी वाचून आकडे लिहीत होती आणि वादळात ती थोड्या थोड्या मिनिटांनी लिहीत राहिली. त्या वहीनुसार २ सप्टेंबरला क्षेत्राचा क्षितिजसमांतर घटक सुमारे १,६०० नॅनोटेस्लाने घसरला. आपल्याकडे हा घटक ३८,००० च्या आसपास असतो, म्हणजे घट चार टक्क्यांची. ऐकायला थोडी वाटते, पण साध्या वादळात ती शंभर-दोनशे नॅनोटेस्ला असते. २००३ साली ब्रूस त्सुरुतानी यांनी भारतीय भूचुंबकत्व संस्थेतील लखिना व अ‍ॅलेक्स यांच्यासह या नोंदींच्या आधारे त्या वादळाचा अभ्यास प्रसिद्ध केला, आणि कुलाब्याची ती वही जगभर चर्चेत आली.

ही घट कशाने होते? वादळात पृथ्वीभोवती, विषुववृत्ताच्या वर हजारो किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडे वाहणारा एक वर्तुळाकार विद्युतप्रवाह बळावतो. त्याचे क्षेत्र आपल्याकडील क्षेत्राच्या उलट असते, म्हणून येथला आकडा खाली येतो. ज्या घडामोडींमुळे ध्रुवाकडे प्रकाशाचे कडे उजळते त्यांचीच ही दुसरी खूण. कड्याखालच्या माणसाला ती आकाशात दिसते, आपल्याला ती वहीत दिसते.

येथेही चिकित्सा सोडू नये. १,६०० हा आकडा अनेक लेखांत त्या वर्तुळाकार प्रवाहाचे माप म्हणून बिनदिक्कत दिला जातो. पण ती क्षणिक घट आहे. तासाची सरासरी घेतली तर ती जवळजवळ निम्म्यावर येते. शिवाय एवढ्या मोठ्या वादळात ध्रुवाकडचे प्रवाहही खाली सरकतात, आणि त्या घटीत त्यांचा वाटा असावा असे काही अभ्यासकांचे म्हणणे आहे. एकाच ठिकाणच्या एका आकड्यावरून सगळ्या पृथ्वीबद्दल बोलताना सावध राहावे, हा धडा वर्गातही उपयोगाचा आहे.

कुलाब्याचे काम पुढेही चालू राहिले. पहिले भारतीय संचालक नानाभाई मूस यांनी १८४६ ते १९०५ या काळातील नोंदी आणि त्यांची चर्चा १९१० साली प्रसिद्ध केली. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार, त्यांच्या प्रवाहाने उपकरणे बिघडतील, म्हणून १९०४ साली हे काम अलिबागला हलवण्यात आले. ते आजही तेथे चालते. भारतीय भूचुंबकत्व संस्था आता नवीन पनवेलला आहे आणि तिची उपकरणे अंटार्क्टिकातील मैत्री केंद्रावरही आहेत. मैत्री प्रकाशकड्याच्या बाहेरच्या काठाजवळ येते. वादळ झाले की कडे तिच्या डोक्यावर सरकते. असा प्रश्न अभ्यासायला याहून सोयीची जागा क्वचितच मिळेल.

मुंबईतून दिसला तो प्रकाश

आणखी एक गोष्ट सांगितल्यावर तो मित्र गप्प बसला. ४ फेब्रुवारी १८७२ च्या रात्री झालेल्या वादळात मुंबईतून ध्रुवीय प्रकाश दिसल्याची बातमी त्या वेळच्या टाइम्स ऑफ इंडियाने छापली आणि तारायंत्राच्या कामात आलेल्या व्यत्ययाचीही नोंद केली. मुंबईचा चुंबकीय अक्षांश तेव्हा जेमतेम १० होता. हे शक्य आहे काय, ते मुलांकडून तपासून घ्यावे.

पृथ्वीची त्रिज्या ६,३७१ किलोमीटर. प्रकाशाचा वरचा भाग ४०० किलोमीटर उंच धरला तर ६,३७१ भागिले ६,७७१ म्हणजे सुमारे ०.९४१. ज्या कोनाची कोसाइन एवढी असते तो कोन जवळजवळ २० अंशांचा. म्हणजे २० अंश उत्तरेला ४०० किलोमीटर उंचीवर असलेला तांबडा प्रकाश आपल्याला ऐन क्षितिजावर दिसू शकतो. हिरव्या प्रकाशासाठी १०० किलोमीटर धरले तर हाच कोन सुमारे १० अंश येतो. यावरून १८७२ साली निदान तांबडा प्रकाश तरी ३० चुंबकीय अक्षांशांपर्यंत किंवा त्याहून खाली उतरला असला पाहिजे. एरव्ही ६५ च्या आसपास असणारे कडे इतके खाली सरकते तेव्हा चुंबकांबरात काय उलथापालथ झाली असेल, याची कल्पना मुलांना या एका गणितावरून येते. दापोड्यापुरते बोलायचे तर आपला अक्षांश सव्वाएकोणीस. त्यात २० मिळवले की आपल्या रेखावृत्तावर ताजिकिस्तान येतो. तेथल्या आकाशात ४०० किलोमीटरवर प्रकाश आला आणि गोदामांचे दिवे विझले, तरच आपल्या क्षितिजावर त्याची लाली दिसेल.

हे गणित ठाऊक असले म्हणजे बातम्याही नीट वाचता येतात. १० व ११ मे २०२४ च्या वादळात, जे नोव्हेंबर २००३ नंतरचे सर्वांत मोठे होते, लडाखमधील हान्ले येथून तांबडे आकाश टिपले गेले. वर्तमानपत्रांनी सरसकट "लडाखमध्ये ध्रुवीय प्रकाश" असे मथळे दिले. काही शास्त्रज्ञांनी मात्र तो स्थिर तांबडा कंस असल्याचे सांगितले. हा कंस वेगळ्या रीतीने तयार होतो. वर उल्लेख केलेल्या वर्तुळाकार प्रवाहातील उष्णता बलरेषांवरून खाली झिरपते, आयनांबरातील इलेक्ट्रॉन तापतात आणि ते ऑक्सिजनला उत्तेजित करतात. त्यात ना घड्या असतात, ना लोट. रंग तोच, पण आकार निराळा, म्हणून कारणही निराळे. आकाराकडे न पाहणाऱ्या तक्त्यावर शिकलेल्या वाचकाला हा भेद कळण्याची शक्यता नाही.

अपुरे आणि चुकीचे

आमच्या या तपासणीवर एक आक्षेप येईल, तो बैठकीतही आला. नववीच्या मुलांना तोडजोड, शेपटी, विभवांतर हे सगळे झेपेल का? सोपे करून सांगताना काही सोडावेच लागते. हे आम्हाला मान्य आहे. पण अपुरे सांगणे आणि चुकीचे सांगणे यांत फरक आहे. "कण चुंबकांबरात शिरतात, तेथे त्यांना ऊर्जा मिळते आणि मग ते खाली येतात" हे अपुरे आहे, पण पुढच्या इयत्तेत त्यावर भर घालता येते. "कण ध्रुवांकडे ओढले जातात" हे आधी पुसावे लागते. शिवाय पहिल्या वाक्यात "ऊर्जा कशी मिळते?" हा प्रश्न शिल्लक राहतो. दुसऱ्यात सगळे समजल्याचा भास होतो आणि प्रश्न विचारणारी मुलगी आगाऊ ठरते.

आम्ही तो तक्ता काढून टाकलेला नाही. त्याच्याखाली एक कागद चिकटवला आहे, त्यावरचा मजकूर असा :

सूर्याकडून विद्युतभारित कणांचा वारा सतत वाहतो. पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र त्याला अडवते आणि स्वतः मागे शेपटीसारखे ताणले जाते. वाऱ्यातील चुंबकीय क्षेत्र दक्षिणेकडे वळलेले असेल तेव्हा शेपटीत ऊर्जा साचते. ती एकाएकी मोकळी झाली की कण वेगाने बलरेषांवरून पृथ्वीकडे येतात. या बलरेषा ध्रुवावर नव्हे, तर ध्रुवाभोवतीच्या कड्यावर उतरतात. तेथे कण हवेवर आदळून प्रकाश पडतो. त्या प्रकाशाचे आकार आणि त्यांची हालचाल पाहून शेपटीत काय चालले आहे ते ओळखता येते. याच वेळी अलिबागच्या वेधशाळेतही चुंबकीय क्षेत्र हललेले नोंदले जाते.

आठ वाक्ये झाली. तक्त्यावर जागा पुरली. मधल्या चित्रातील ध्रुवावर उतरणाऱ्या पिवळ्या बाणांवर आम्ही पेन्सिलीने फुली मारली आणि कोपऱ्यातील छायाचित्राभोवती तांबडी चौकट काढली. प्रश्न विचारणाऱ्या मुलीला बोलावून आधीचे उत्तर चुकले होते हे सांगितले आणि कोसाइनचे गणित तिलाच फळ्यावर करायला लावले. आपल्या वर्गातही असा एखादा तक्ता असेल. त्यातले चित्र आणि त्यातले छायाचित्र एकमेकांशी जुळते का, एवढे शिक्षकांनी जरूर पाहावे.